दुमोटीच्या आठ पळ्या

माय, काल दुपारी गच्चीवरची पाण्याची टाकी धुऊन घेतली. धुणाऱ्या माणसानं औषधाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आजी, टाका अंदाजानं दोन झाकणं, काही होत नाही." मी त्याला थांबवलं. टाकी किती रुंद, किती उंच ते विचारलं, पदराआड बोटांवर हिशेब केला, तो मोडून पुन्हा केला आणि मग झाकण भरलं. तो गालात हसत होता. म्हातारी भित्री आहे असं त्याला वाटलं असणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. जन्मभर नर्सबाई म्हणून राबले, किती बाळंतपणं केली, किती सुया टोचल्या, पण आकडा समोर आला की आधी भीतीच येते. ती गेली की मग आकडा दिसायला लागतो. हे सांगावं असं एकच माणूस होतं आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा चेहरासुद्धा मला डोळ्यांसमोर आणावा लागतो. आवाज मात्र आणावा लागत नाही. भाकरी थापायला घेतली की तो आपसूक येतो.

माझी गणिताची भीती म्हणजे अर्ध्याहून जास्त तुझीच भीती होती. राग मानू नकोस. डोणगावच्या अलीकडे आपलं ते एवढंसं गाव, त्यात मुलींची एका खोलीची शाळा आणि त्या शाळेत तू एकटी मास्तरीण. घरी तू माय. मळ्यातून निघताना "चाल वं लवकर, घंटा व्हाची हाय" म्हणून माझी वेणी ओढणारी. आणि शाळेच्या उंबऱ्यावर पाय पडला की तीच तू "मुलींनो, रांगेत बसा" असं पुस्तकातलं बोलायला लागायचीस आणि मला तुला 'बाई' म्हणावं लागायचं. मला खरंच वाटायचं की या दोन वेगळ्या बाया आहेत. एकीला भूक लागली म्हणून सांगता येतं, दुसरीला काहीच सांगता येत नाही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. शेर जाऊन किलो आले होते, हात आणि फूट जाऊन मीटर येत होते, आणि जुनं विसरायचं नाही, नवंही शिकायचं, असा आम्हा पोरींवर दुहेरी मार होता. सकाळी पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पावाचे, अर्ध्याचे, पाऊणाचे पाढे. सगळ्या मिळून म्हणताना मी बिनधास्त म्हणायचे. घोळक्यात माझाही आवाज मोठा असायचा. पण तुझं बोट रांगेवरून सरकत माझ्याकडे यायला लागलं की कानात पाणी गेल्यासारखं व्हायचं. सगळे आवाज लांब जायचे. तू काय विचारलंस ते ऐकू यायचं, पण त्याचा अर्थ लागायचा नाही. आदल्या संध्याकाळीच मी बाबांना म्हणायचे, मी मळ्यात राहते, मिरच्या निंदते, वांग्याला पाणी धरते, सांगाल ते करते. बाबा हसायचे. "दिव्याखाली अंधार," म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागायचं.

मग तो दिवस येतो. शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार म्हणून आम्ही जमीन सारवली आहे, दारात रांगोळी आहे, पोरींच्या डोक्यावर तेल चकाकतंय. साहेब तुझ्या खुर्चीवर बसलेत आणि तू उभी आहेस. तुला तशी, हात पुढे बांधून उभी राहिलेली, मी त्याआधी पाहिली नव्हती. तुझी नोकरी अजून कायम झाली नव्हती आणि साहेबांच्या एका शब्दावर ती कायम व्हायची होती. हे मला ठाऊक होतं, कारण घरात त्या आठवड्यात दुसरं बोलणंच नव्हतं. साहेबांनी रांगेतल्या दोघी-तिघींना विचारलं, त्यांनी धडाधड उत्तरं दिली. मग कुणीतरी आगाऊपणानं सांगितलं की ही बाईंचीच मुलगी. "अस्सं? मग हिला विचारलंच पाहिजे. सात पाऊण किती गं?"

मी उभी राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी तुझ्या पायांकडे पाहत होते. तुझ्या पायाचा अंगठा ओल्या सारवणात रुतत चालला होता. बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला. साहेब वाईट माणूस नसावेत, त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग ते तुझ्याकडे वळून हसत म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाई?" साहेब हसले म्हणून पोरीही हसल्या. तू पदर डोक्यावरून सारखा केलास आणि फळा पुसायला लागलीस. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

घरी येताना तू माझ्यापुढं चार पावलं चालत होतीस. आपल्या मळ्याच्या बांधावर आल्यावर थांबलीस, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "आजपासून मी तुले शाळेत काईच इचारणार नाई. आता भिऊ नोको." एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी तुझं बोट रांगेवरून सरकत आलं, माझ्यापाशी आलं आणि मला टाळून पुढच्या पोरीवर गेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. सातवी संपेपर्यंत तू मला वर्गात एकही प्रश्न विचारला नाहीस. तू शब्दाची पक्की. पण माय, मारलं असतंस तर बरं झालं असतं गं. भीती गेली नाही, तिनं जागा बदलली. आधी मला वाटायचं, बोट आपल्यावर थांबेल. मग वाटायला लागलं, ते आता कधीच थांबणार नाही. तुझी नोकरी कायम व्हायला पुढं फार उशीर लागला आणि तो त्या दिवसामुळेच लागला असं बाबा म्हणायचे. तू कधी म्हणाली नाहीस.

घरात मात्र तू न विचारता शिकवायला लागलीस. म्हणजे ते शिकवणं होतं हे मला फार उशिरा कळलं. एकदा तू चुलीपुढे बसली होतीस, परात माझ्यापुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "आज बाबाले मोठी भाकर कर. हिच्या दुप्पट रुंद, अन् अशीच जाड." शेजारी तुझी थापलेली भाकर होती, एका गोळ्याची. दुप्पट रुंद म्हणजे दोन गोळे, यात विचार करण्यासारखं काय होतं? मी दोन गोळे एकत्र मळले आणि थापायला लागले. भाकर रुंद होईना. रुंद केली तर पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि मधोमध फाटली. कोपऱ्यात उरलेलं पीठ घेतलंस, एक गोळा माझ्या पिठात टाकलास, मग आणखी एक. चार गोळ्यांची ती भाकर बरोब्बर दुप्पट रुंद झाली आणि तव्यावर मावेना. तिचे चार तुकडे करून भाजावे लागले. बाबा जेवताना म्हणाले, "हे काय फरशा वाढून राह्यल्या व्हय?" आणि तू हसलीस, मोठ्यानं. मीही हसले. आकड्याच्या कामात मी हसल्याची ती पहिली वेळ.

पुढं मी नर्सिंग शिकायला खामगावला निघाले तेव्हा तू मला ती दोरी दिलीस. मीटर नवे आले तेव्हा शाळेसाठी तू एक सुती दोरी आणून मीटरामीटरावर गाठी मारल्या होत्यास. पोरी अंगण मोजायच्या, फळा मोजायच्या. शाळेला नवी फीत आली आणि दोरी घरी आली. एस.टी.च्या दारात तू ती माझ्या पिशवीत कोंबलीस. मी म्हटलं, "माय, तिथं दोरी कायले?" तू म्हणालीस, "कपडे वाळवाले कामी येईन." आणि मी तिच्यावर कपडेच वाळवले. खामगावात मी बाईंची पोरगी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळं आकडे जरा सैल झाले. बाळाच्या वजनावर औषध किती, बाटलीत किती, सुईत किती, हे सगळं जमायला लागलं. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या की हिला वेळ फार लागतो, पण हिचं चुकत नाही. वेळ का लागतो ते मी त्यांना सांगितलं नाही. मी प्रत्येक हिशेब दोनदा करत होते, एकदा भीतीनं आणि एकदा नीट.

नोकरी लागली ती आपल्याच गावच्या दवाखान्यात. दवाखाना कसला, एक खोली आणि एक कपाट. त्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं होतं. शेजारच्या गावात पटकी आली आणि दोन घरांतली माणसं गेली. डॉक्टर येऊन आपल्या गावच्या आडात टाकायला पांढरी पावडर देऊन गेले होते. तिचं मापही मला त्यांनीच घालून दिलं होतं, आडाला दोन सपाट पळ्या. पळी मी तुझ्याच घरातून नेली होती. तोवर सगळं ठीक होतं, कारण हिशेब दुसऱ्यानं केला होता. मग आड आटला. बादलीला गाळ यायला लागला, आणि सगळं गाव आपल्या मळ्यातल्या विहिरीवर लोटलं. डॉक्टर कुठल्या कुठल्या गावांत फिरत होते. त्यांच्याकडे सायकलवर पाठवलेला माणूस परत आला नव्हता. आणि त्याच दुपारी वरच्या आळीतल्या एका बाईला उलट्या सुरू झाल्या.

ती दुपार मी विसरत नाही. उन्हानं काठाचे दगड तापले आहेत. बायका घागरी घेऊन लिंबाखाली बसल्या आहेत, औषध पडल्याशिवाय पाणी काढायचं नाही असं मीच त्यांना सांगितलं आहे. बाबा म्हणतात, "दुमोटी हाय आपली. दोन मोटा चालत होत्या हिच्यावर. आडाच्या दुप्पट टाक, झालं." मोटा जाऊन तिथं केव्हाच इंजिन आलं होतं, पण गाव त्या विहिरीला दुमोटीच म्हणायचं. दोन मोटांची विहीर म्हणजे दुप्पट पाणी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाही पटलं. मी चार पळ्या बादलीत घातल्या, पाणी ओतलं, काडीनं ढवळलं. नाकातोंडात तो वास गेला. मी बादली उचलली आणि माझा हात थांबला.

का थांबला ते सांगू? भीतीनं. दुसरं काही नाही. कानात ते जुनं पाणी शिरलं आणि सगळे आवाज लांब गेले. मी बादली खाली ठेवली आणि बाबांना म्हटलं, मला विहीर मोजायची आहे. दवाखान्याच्या मागं वाळत असलेले कपडे काढून एका पोरीनं दोरी आणली. बाबांनी कुरकुरत पलीकडचं टोक धरलं. विहिरीची रुंदी चार मीटर भरली. आड दोन मीटरचा होता, डॉक्टरांनी माप काढलं तेव्हा मोजलेला. मग दगड बांधून दोरी खाली सोडली. दोरी दोन गाठींपर्यंत भिजून वर आली, म्हणजे आडात तेव्हा होतं तेवढंच खोल पाणी. रुंदी दुप्पट, खोली तीच. म्हणजे दुप्पटच झालं की, असं बाबा म्हणाले. मी काठावर बसले आणि पाहत राहिले. आणि मला तिथं, त्या वासात, परातीतली फाटलेली भाकर दिसली.

मोटा काठावर बसतात गं माय. काठ दुप्पट लांब, म्हणून मोटा दोन. पण पाणी काठावर नसतं. ते सगळ्या भाकरीभर असतं. मी बोटांवर केलं, पुन्हा केलं, प्रशिक्षणात घोकलेल्या सूत्रानं मातीत काडीनं मांडून केलं. चारच पट येत होतं. आठ पळ्या. आणि मग खरी भीती सुरू झाली. चार टाकल्या आणि कमी पडल्या तर उद्या सकाळी हेच पाणी घरोघर जाणार. आठ टाकल्या आणि माझं चुकलं असलं तर पाणी तोंडात धरवणार नाही, माणसं हंडे घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर जाणार, आणि वरच्या आळीतल्या त्या बाईचे कपडे नुकतेच तिथंच धुतले होते. दोन्हीकडे मरण होतं आणि मधे माझा हिशेब. माझा!

मी आठ म्हटल्यावर गलका झाला. "आठ पळ्या? निरा जहर करतं का पान्याचं?" कुणीतरी ओरडलं, "इच्यापेक्षा झिरा बरा." दोन बायकांनी खरोखरच घागरी उचलल्या. तेवढ्यात शाळा सुटून तू बांधावरून येताना दिसलीस आणि सगळे तुझ्याकडे वळले. गावात हिशेबाचं शेवटचं माणूस तूच होतीस. "बाई, तुमची पोट्टी चौपट म्हनून राह्यली. दुमोटीले चौपट कुठं रायते?"

तू बादलीकडे पाहिलंस, दोरीकडे पाहिलंस. मग तुझं बोट वर आलं. इतक्या वर्षांनी ते सरकत आलं आणि माझ्यावर थांबलं.

"काऊन चौपट? सांग."

मी तुझ्या पायांकडे पाहिलं. चपलेतून तुझा अंगठा खाली दाबला जात होता, अगदी तसाच. तुलाही भीती वाटत होती, माय. हे मला तेव्हाच दिसलं आणि कसं कोण जाणे, माझी जीभ सुटली. "माय, थे भाकरीसारखं हाय. रुंदी दुप्पट केली का गोळे दोन नाई लागत, चार लागतात. जाडी तेच ठेवली तं. पानी दोनी जागी सारखंच खोल हाय. मंग आडाच्या दोन पळ्या, अन् हिच्या आठ." मग घागर उचललेली एक म्हातारी ती खाली ठेवत म्हणाली, "हो वं बाप्पा, चारच लागतात." बाकीच्या बायकाही माना हलवायला लागल्या. पुरुष मात्र एकमेकांची तोंडं पाहत राहिले, कारण त्यांच्यातल्या एकानंही जन्मात भाकर थापली नव्हती.

तू मान डोलावत फक्त "हाव" म्हणालीस. आणि पळी उचलून माझ्या हातात दिलीस.

रात्रभर औषध मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घागर तू काढलीस. सगळ्यांदेखत ओंजळ भरलीस आणि प्यायलीस. तोंड वाकडं केलं नाहीस. मी मात्र तुझ्या गळ्याकडे पाहत होते आणि मनात पुन्हा पळ्या मोजत होते. तो सगळा दिवस, नंतरचेही दिवस, मी काही ना काही निमित्तानं शाळेवरून जायचे आणि खिडकीतून तू उभी आहेस ना ते बघायचे. तू उभी असायचीस. डॉक्टर आले, त्यांनी आकडे मांडून पाहिले, मान डोलावली आणि पुढच्या गावाला गेले. आपल्या गावात पटकी आलीच नाही असं मी म्हणणार नाही. वरच्या आळीतली ती बाई गेली. पण दुमोटीचं पाणी नेणाऱ्या घरांतून कुणी गेलं नाही. त्यानंतर मी आकड्यांशी भांडण सोडलं. चोळीचं कापड असो, लग्नाघरचं वरण असो, पोटुशीचे दिवस असोत, मी मोजते. भीत भीत मोजते.

तू त्यानंतर बरीच वर्षं होतीस. त्या दुपारविषयी आपण एकदाही बोललो नाही. मला वाटलं, तुझ्या 'हाव'मध्ये सगळं फिटलं. फिटलं नव्हतं. तू गेलीस तेव्हा शाळेतल्या जुन्या पोरी भेटायला आल्या होत्या. त्यातली एक डोळे पुसत म्हणाली, साहेबांचं ते आडा-पोहऱ्याचं बोलणं बाईंच्या फार जिव्हारी लागलं होतं, आपल्या शिकवण्यातच खोट आहे असं त्या म्हणायच्या. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मीही तुला एक सांगितलं नव्हतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. चुलीत घालावं तर घरात आता चूलही नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवीन म्हणते.

माय, त्या दिवशी मला उत्तर येत होतं. साहेबांनी विचारलं त्याच क्षणी ते जिभेवर आलं होतं, तूच तर घोकून घेतलं होतंस. पण वाटलं, हे बरोबर आलं तर ते पुढचं विचारतील. म्हणून तोंड मिटून उभी राहिले आणि तुझ्यावर तो बोल येऊ दिला. नंतर कितीदा सांगायला आले आणि मागं फिरले, कारण तू विचारलं असतंस, "मंग बोलली काऊन नाई?" आणि त्याचं उत्तर मला आजही येत नाही.

पहिल्याचं येतं. सव्वापाच, बाई. सात पाऊण सव्वापाच.